कासू ते ओमान, मार्गे रोहा

"बारा दिवसांत आख्खं घर ओमानला पोचतं करतो आणि शेजारच्या नाथाला त्याचा वाससुद्धा लागू देत नाही!"

काळुराम मोकलने ही घोषणा मोरीचं दार लावून, नळ पूर्ण सोडून, बायकोच्या कानात केली. नळ सोडण्याचं कारण म्हणजे मोरीच्या पलीकडे चुलतभाऊ नाथाचं स्वयंपाकघर होतं आणि मधली भिंत एका विटेची होती. पलीकडे फोडणीत मोहरी किती तडतडली ते अलीकडे मोजता येत असे.

"अवो, पण पाणी वाया चाललंय," सगुणा म्हणाली.

"जाऊ दे. पाणी पुन्हा येईल. फुटलेलं गुपित येत नाही."

काळुराम रोह्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर सुपरवायझर. तेवीस वर्षं कासू स्टेशनावरून रोह्याला जाणं आणि रोह्याहून कासूला येणं, एवढाच त्याचा देशाटनाचा अनुभव. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी बोलावलं आणि सांगितलं, "मोकल, ओमानला सोहारमध्ये आपला नवा प्लांट आहे. तुम्हाला सहकुटुंब पाठवतोय. कागद जमवा." आणि आज पुन्हा बोलावून म्हणाले, "व्हिसा झालाय, सामान कंपनी जहाजाने पाठवेल. बारा दिवसांत निघा."

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. काळुरामने आधी संशय घेतला. मलाच का? तिथला बॉयलर फुटायला आला असणार! नाहीतर इथल्या बॉयलरवर साहेबाचा भाचा बसायचा असणार! दूधवाल्याने हसून "बरं हाय ना?" विचारलं, तर त्या दिवशी दूध दोनदा गाळणारा हा माणूस. मोबाइलवर कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या तर आभार मानण्याआधी तो तपास करतो, की याला माझी तारीख कुठून कळली?

पण गुपिताची दोन कारणं मात्र, त्याच्या मते, भक्कम होती.

पहिलं कारण शिवा. खाडीकडच्या मिठागरात काम करणारा हा शिवा सहा वर्षांपूर्वी दुबईला निघाला होता. गावाने सत्कार केला. शाल, नारळ, पेणच्या नाक्यावर फलक. फलकावर शिवाचा फोटो आणि फोटोच्या डोक्यावरून उडणारं विमान. सगळं झालं आणि व्हिसा तेवढा आला नाही! तेव्हापासून शिवाला शिवा कोणी म्हणत नाही. रेशन दुकानदारसुद्धा ओरडतो, "दुबई, अंगठा लाव!" शिवाच्या पोरीच्या सोयरिकीत समोरच्यांनी विचारलं होतं म्हणे, की मुलीचे वडील दुबईहून कधी येतात?

दुसरं कारण नाथा, किंवा नाथा आणि ती भिंत. दोघांचे बाप वेगळे झाले तेव्हा मधलं दार विटांनी बुजवलं आणि एका घराची दोन घरं झाली. काळुरामची खात्री होती की आपण दोन वर्षं नसलो की नाथा भिंत सरकवणार. एकदम नाही! आधी खिळा ठोकेल. मग खिळ्याला कॅलेंडर लावेल. मग म्हणेल, कॅलेंडर जवळून बघायला भिंत आडवी येते.

म्हणून काळुरामने घराचा किल्ला केला होता. खिडक्यांना दुहेरी गज, मागल्या दाराला लोखंडी पत्रा आणि तो आतून वेल्डिंग करून कायमचा बंद, वर स्लॅब, पुढे सरकतं जाळीचं दार आणि त्यासाठी पनवेलहून आणलेलं, नारळाएवढं कुलूप. दुकानदार म्हणाला होता, "दहा वर्षांची हमी. कापत नाही, तुटत नाही, दुसऱ्या चावीने उघडत नाही." चावी एकच. दोन असत्या तर दुसरीवर लक्ष ठेवावं लागलं असतं. राहिली फक्त मधली भिंत. ती सामाईक, पक्की करायची तर दोघांनी मिळून करायची, आणि 'मिळून' म्हटलं की काळुराम विषय बदलायचा.

बायको-मुलीच्या व्हिसासाठी मात्र गुपिताला एक छोटं छिद्र पाडावं लागलं होतं. लग्नाचा दाखला हवा होता. लग्न वीस वर्षांपूर्वी अंगणातल्या मांडवात झालेलं, दाखला कोणी काढलाय! ग्रामपंचायतीचा माणूस म्हणाला, लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार आणा. म्हणजे पुन्हा भावकीच! काळुरामने विचारपूर्वक वेळ साधली. नाथा शेतावरून चष्म्याशिवाय येत असताना त्याला गाठलं. नाथाची आई गोदूबाई, म्हणजे काळुरामची काकी, हिचा अंगठा घेतला. तिसरा शिवा. अर्जात 'कारण' असा रकाना होता. सरकारी कागदावर खोटं लिहिलं तर पोलीस येतात, या भीतीने काळुरामने तिथे खरंच लिहिलं: 'ओमान देशी सहकुटुंब जाणेकरिता.' तोंडाने मात्र सांगितलं, "कंपनीच्या फायलीला लागतो."

"वीस वर्षांनी कंपनीला शंका आली काय?" नाथाने सही करताना विचारलं आणि हसला.

काळुरामही हसला. पण नाथाचं हसू त्याला आवडलं नाही.

सामान न्यायला जो मूव्हर्सवाला ठरला होता त्याचा माणूस चौथ्या दिवशी मोजमापाला आला. नाव मिथुन. "साहेब, आमची सर्व्हिस फास्ट आहे. चार तासांत घर उचलतो," असं तो फोनवर म्हणाला होता. "गुपचूप ये," काळुरामने बजावलं होतं. मिथुन आला तो भगव्या रंगाचं चमकणारं जाकीट घालून, पाठीवर 'सर्व्हे' असं वीतभर अक्षरात लिहून आणि गळ्यात टेप लटकवून!

आता या पट्ट्यात गळ्यात टेप घातलेला माणूस दिसला की काय होतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथून रेल्वे गेली, तेव्हा आधी टेप आली होती. पाइपलाइन गेली, तेव्हा आधी टेप आली होती. हायवे रुंद झाला, तेव्हा टेप दोनदा आली होती. मिथुन आत फ्रिजची उंची मोजतोय तोवर ओट्यावर अठरा माणसं जमली, आणि त्यातल्या अकरा जणांच्या हातात सातबाऱ्याचे उतारे होते!

"साहेब, लाइन कुठून चाललीय?"

"आमचा गोठा मोजा. गोठा पक्का हाय, कच्चा लावू नका!"

"आंबे सात हायत. गेल्या टायमाला पाचच लावले!"

मिथुन बिचारा घाबरून म्हणाला, "मला फक्त फ्रिज आणि कपाट सांगितलंय."

"फ्रिजपण घेणार?" मागून कोणीतरी किंचाळलं.

गर्दी फाडून नाथा पुढे आला. त्याचा चेहरा मात्र वेगळाच होता. तो टेपकडे नाही, काळुरामकडे बघत होता. "काळू, घराचं माप कशाला घेतोस?"

काळुरामच्या डोक्यात बॉयलरसारखी वाफ कोंडली. आणि झडप उघडून एक वाक्य बाहेर पडलं, "रोह्याला! कंपनीचं क्वार्टर मिळालंय रोह्याला. फ्रिज दारातून जातो की नाही, ते बघायला आलाय."

अठरा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गोदूकाकी शांतपणे म्हणाली, "रोह्याला काय? बरं बरं."

काळुरामला वाटलं, वाचलो! ओमान दूर होतं, तिथे कोणी मागे लागलं नसतं. रोहा जवळ होतं, हे त्याच्या लक्षात यायला संध्याकाळ व्हावी लागली.

"तेवीस वर्षं इथून कामाला गेलास आणि आता एकदम क्वार्टर?" नाथा संध्याकाळी येऊन बसला. "रविवारी जाणार ना? माझ्या मेव्हण्याचा टेम्पो सांगितलाय."

"नको रे! कशाला तसदी..."

"तसदी कसली? रोहा म्हंजे काय परदेश हाय?" नाथा म्हणाला आणि पुन्हा तसाच हसला.

गोदूकाकीने तर पुढचं सगळं ठरवूनच टाकलं. "घरभरणीला माणसं नकोत काय, गो सगुणा? आपल्यात नव्या घरात पयलं मीठ जातं, मग माणूस जातो. शिवाला सांगितलंय. तो मिठागरातलं आणून देतो."

"काकी, क्वार्टर लहान आहे," काळुराम कळवळला.

"मग दाटीवाटीने बसू!"

त्या दिवसापासून काळुरामच्या झोपेत टेम्पो फिरू लागला. एवढी आपुलकी कशाला? मधल्या सुट्टीत त्याने कंपनीतल्या हर्षदला गाठलं. हर्षद एकटा, कंपनीच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचा.

"एका दिवसासाठी तुझं घर दे. रविवारी तुझी पहिली शिफ्ट आहे ना? तू तीनला येशील तोवर सगळे गेलेले असतील."

"पण तुम्हाला घर आहे की!"

"आहे. पण ते तिथे आहे, आणि इथे आहे असं दाखवायचंय."

हर्षदने समजल्यासारखी मान हलवली आणि चावी दिली. मिथुनलाही नवा हुकूम गेला: सामान गावातून नाही, रोह्यातून उचलायचं. चार वाजता. म्हणजे भावकी पोचवून परत गेली की मिथुन येणार, पेट्या उचलणार, सामान ओमानला, आपण रात्री गावी येऊन झोपणार आणि पहाटे पाचला विमानतळाची गाडी. योजना इतकी सुबक होती की काळुरामला स्वतःचाच थोडा संशय आला.

एकच काम राहिलं होतं. पासपोर्ट. तीन पासपोर्ट घेऊन भावकीबरोबर टेम्पोत बसणं म्हणजे खिशात विस्तव घेऊन पेंढ्यावर बसणं. शनिवारी सगुणा आणि मुलगी अपेक्षा न्हायला गेल्या असताना त्याने ते तिन्ही अशा जागी दडवले की जिथे चोर, नाथा किंवा देव यांपैकी कोणीच बघणार नाही. सगुणालाही सांगितलं नाही. बायका बोलून जातात!

"अवो, पासपोर्ट घेतले ना?" रविवारी सकाळी तिने विचारलं.

"सुरक्षित आहेत."

"कुठं?"

"सुरक्षित आहेत, म्हटलं ना!"

जाळीचं दार ओढलं, नारळाएवढं कुलूप अडकवलं, चार वेळा हिसका देऊन पाहिलं. टेम्पोत कपाट, फ्रिज, गाद्या, त्यांवर भावकी, आणि सगळ्यांच्या वर मिठाचं गाठोडं मांडीवर घेऊन गोदूकाकी. नागोठण्याला वडापावसाठी थांबले. काळुराम हातात वडा धरून मोजत राहिला की नाथा आपल्याकडे किती वेळा बघतो. अकरा वेळा बघितलं.

हर्षदच्या दारात गोदूकाकीने मीठ आत ठेवलं, उंबऱ्याला हात लावला आणि मान वर केली. समोरच्या भिंतीवर पगडी घातलेल्या एका भारदस्त म्हाताऱ्याचा फोटो, त्याला चंदनाचा हार.

"हे कोण?"

काळुरामच्या मानेवरून घाम ओघळला. "हे... हे क्वार्टरबरोबर येतं."

"आजोबा?" शिवाने विचारलं.

"कंपनी देते. फर्निचर, पंखा आणि... असं."

गोदूकाकीने फोटोला नमस्कार केला. "चांगली हाय कंपनी. आमच्या येळेला कंपनीवाले साधा साबण द्यायचे नायत. आता पूर्वजपण देतात!"

अपेक्षा तोंडात ओढणी कोंबून गॅलरीत पळाली.

दोन तास खपून नाथा आणि त्याच्या मेव्हण्याने सगळं सामान दोन मजले चढवलं. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, तेव्हा नाथाने ते पाठीवर घेतलं. घाम पुसत तो म्हणाला, "काळू, गावच्या घराची चावी कुठं ठेवलीस? तुळशीला पाणी घालत जाईन."

चावी! काळुरामने खिसा घट्ट धरला. आला मुद्द्यावर! तुळस हे निमित्त. आधी तुळस, मग खिळा, मग कॅलेंडर! "आणून देतो," असं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि इकडे तिकडे पाहून चावी प्रेशर कुकरमध्ये टाकली. वर शिटी बसवली. माणसाचा भरवसा नाही; कुकर हॉकिन्सचा असो वा कोणाचा, त्याचं झाकण मात्र घट्ट बसतं.

आता भावकीने निघायला हवं होतं. पण गोदूकाकी जरा आडवी झाली होती, शिवा पंख्याचा आवाज दुरुस्त करत होता आणि सगुणा सगळ्यांसाठी पिठलं टाकत होती. दोन वाजता दाराची बेल वाजली.

"साहेब, सर्व्हिस फास्ट आहे म्हटलं ना! दोन तास आधीच आलो!" दारात मिथुन, मागे सहा माणसं, हातात पुठ्ठे आणि चिकटपट्ट्या.

काळुराम काही बोलायच्या आत ती सहा माणसं टोळधाडीसारखी घरात शिरली. फर्रर्र... फर्रर्र... चिकटपट्टीचा आवाज सुरू झाला. नाथा कंबर धरून नुकताच बसला होता, तर समोरून तेच कपाट उलट दिशेने निघालं!

"ए, ए! हे आताच वर आणलंय!"

"आम्हाला खाली न्यायचंय, काका."

"काळू, सामान आत येतंय का भायेर चाललंय?"

"हवा लागायला!" काळुराम ओरडला. "नव्या जागेत सामानाला जरा हवा... कंपनीचा नियम आहे!"

फास्ट सर्व्हिसला हर्षदचं सामान आणि काळुरामचं सामान हा भेद माहीत नव्हता. हर्षदचा टीव्ही गेला, इस्त्री गेली, वाळत घातलेल्या दोन चड्ड्या घडी करून गेल्या. पंख्यासाठी शिवा स्टुलावर उभा होता. त्याला हळूच उचलून बाजूला ठेवलं आणि स्टूल गेलं. पिठल्याची कढई तेवढी सगुणाने दोन्ही हातांनी धरून ठेवली. प्रत्येक पेटीवर एक माणूस जाड पेनने पत्ता लिहीत होता.

"सो... हार," शिवाने अक्षरं जुळवली. "रोह्यात सोहार कुठं आलं?"

"एमआयडीसीत! नवा सेक्टर आहे!"

"मग खाली 'जहाजाने' कशाला लिवलंय?"

तेवढ्यात दारात हर्षद उभा राहिला. शिफ्ट लवकर सुटली होती. त्याच्या समोरून दोन माणसं बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पगडीवाला म्हातारा घेऊन खाली चालली होती.

"अहो!" हर्षदचा आवाज फाटला. "माझ्या आजोबांना कुठे नेताय?"

"ओमानला," गोदूकाकी म्हणाली.

चिकटपट्टी थांबली. काकी उठून बसली आणि केस नीट करू लागली.

"काकी... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच की रे!" नाथा म्हणाला. "सही करताना चष्मा नव्हता, म्हणून आठ दिवसांनी तो अर्ज ग्रामपंचायतीच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावला. देवळाजवळ उभा व्हता तो. वीसेक माणसं व्हती. 'ओमान देशी सहकुटुंब जाणेकरिता.' सगळ्यांनी ऐकलं. आणि नसतं ऐकलं तरी, वीस वर्षांनी लग्नाचा दाखला माणूस दोनच कामांना काढतो. एकतर फारकत, नायतर आखात. अर्ज वाचून घेईपर्यंत फारकतच वाटली. आईने आठ दिवस सगुणावैनीवर पाळत ठेवली."

"मला वाटलंच," सगुणा म्हणाली. "काकी मोरीपर्यंत मागं यायच्या."

"मग... मग सगळे गप्प का राहिलात?"

"तू सांगशील म्हणून!" नाथाचा आवाज चढला. "महिनाभर वाट बघितली. सांगितलं नायस ते नायस, वर टेपवाला आणलास! घराचं माप घेतलंस! मग आम्हाला शंका आली. गुपचूप घर विकून चालला, आता भिंतीपलीकडे कोण मुंबईचा येऊन बसणार! त्या दिवसापासून आई धड जेवलेली नाय. म्हणून आज सगळे संगतीने आलो. एवढं एक खरं सांग, काळू. घर विकलंस काय?"

"नाही रे!" काळुराम ओरडला. "विकलं असतं तर एवढं कुलूप कशाला आणलं असतं? मला वाटलं, मी गेलो की तू भिंत सरकव..."

वाक्य अर्ध्यात थांबलं, पण पुरेसं बाहेर आलं होतं.

नाथा खालच्या आवाजात म्हणाला, "मी? ती भिंत? अरे, पडेल नि तू माझ्यावर केस टाकशील, म्हणून मी गेली वीस वर्षं तिला पाठसुद्धा टेकत नाय!"

मिथुनने घसा खाकरला. "साहेब, पॅक करू ना?"

कोणीच काही बोललं नाही, म्हणून त्याने पॅक केलं. हर्षदचा टीव्ही, इस्त्री आणि स्टूल भांडून परत घेतलं. आजोबांची पेटी मात्र तोवर ट्रकच्या तळाला गेली होती, आणि ट्रक, अर्थातच, फास्ट होता.

परतीच्या टेम्पोत काळुराम नाथाशेजारी बसला. नागोठण्याला त्याने स्वतःहून वडापाव आणून नाथाच्या हातात ठेवला. नाथाने तो उघडून आत बघितला आणि मग खाल्ला. घर आलं तेव्हा सहा वाजले होते. काळुरामच्या मनात काहीतरी विरघळलं होतं. दारासमोर उभा राहून तो गहिवरून म्हणाला, "नाथा, चावी मी तुझ्याचकडे देऊन जाणार."

आणि त्याने खिशात हात घातला.

मग दुसऱ्या खिशात घातला.

"कुकर!" तो म्हणाला.

"काय?"

"चावी कुकरमध्ये आहे."

"आणि कुकर?"

सगळ्यांनी एकदम रस्त्याच्या दिशेने, म्हणजे साधारण ओमानच्या दिशेने पाहिलं. काळुरामने फोन लावला. मिथुनचा आवाज आनंदाने फुलला होता. "साहेब, रेकॉर्ड झालं! पेट्या मोठ्या खोक्यात, खोक्याला सील. आता सोहारलाच उघडणार!"

सगुणाने हळू आवाजात विचारलं, "पासपोर्ट?"

"सुरक्षित आहेत."

"कुठं?"

काळुरामने कुलपाकडे बोट दाखवलं. "आत."

पहाटे पाचला गाडी येणार होती. अकरा तास राहिले होते. नाथाने करवत आणली. तीन पाती तुटली, कुलपावर ओरखडासुद्धा उठला नाही. शिवाने मिठागरातली पहार आणली, पहार वाकली. जिते गावच्या वेल्डरला फोन केला, तर तो मेव्हण्याच्या हळदीला नाचत होता, मागे बेंजो वाजत होता. खिडक्यांचे दुहेरी गज तर काळुरामने स्वतः उभं राहून बसवून घेतले होते. मागचं दार आतून वेल्डिंग केलेलं. जो येई तो हात लावून बघे आणि म्हणे, "काम मजबूत केलंस हां काळू!"

शेवटी काळुराम नाथाला बाजूला घेऊन गेला. त्याचा आवाज मोरीतल्यासारखा बारीक झाला होता. "नाथा... ती भिंत."

"कुठली भिंत?"

"मधली. तुझ्या बाजूने पाड."

"नाय बाबा!" नाथा दोन पावलं मागे सरला. "उद्या ओमानहून फोन करशील, नाथाने भिंत पाडली म्हणून. लिवून दे!"

"नाथा, वेळ नाही रे!"

"लिवून दे."

ओट्यावर बसून काळुरामने लिहिलं: 'मी काळुराम मोकल, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत, माझे चुलतबंधू नाथा यांस आमची सामाईक भिंत त्यांचे बाजूने पाडण्याची कळकळीची विनंती करतो.' खाली तेच तीन साक्षीदार. नाथाने या वेळी घरातून चष्मा मागवून घेतला आणि कागद दोनदा वाचला.

"यात कारण नाय," गोदूकाकीने अंगठा हवेतच थांबवला. "कारण लिव."

"कागद राहिलेत आत."

"कसले कागद?"

"महत्त्वाचे," काळुराम म्हणाला. पासपोर्ट घरात लपवले, ते कुठे, आणि बायकोलाही का सांगितलं नाही, हे सगळ्यांसमोर सांगण्याची अजून त्याची तयारी नव्हती.

नाथाच्या स्वयंपाकघरात भांडी हलवली, डबे एका कोपऱ्यात सरकवले, चुलीवर चादर टाकली. नाथाने पहिला घाव घातला. जुनं दार बुजवलेल्या जागीच घाव बसला आणि वीट अशी निसटून पडली, जणू वीस वर्षं कोणी विचारायची वाटच बघत होती. दहा मिनिटांत माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं. लाल धुरळा उडाला. काळुराम चार पायांवर, स्वतःच्या घरात, चोरासारखा शिरला.

आतून फळीवरची भांडी पडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मग भगदाडातून लाल मातीने माखलेलं एक डोकं बाहेर आलं.

"सगुणा, वालाचा डबा कुठाय?"

"वालाचा?" सगुणा नाथाच्या स्वयंपाकघरात उभी होती. "तो सकाळीच काकींना दिला. किडे लागले असते वालाला. हा काय, इथंच हाय."

तिने कोपऱ्यातल्या डब्यांवरची विटेची धूळ फडक्याने पुसली आणि पितळी डबा पुढे केला. काळुरामने झाकण उघडलं, वालात कोपरापर्यंत हात घातला आणि तीन पासपोर्ट बाहेर काढले. त्यांना कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता.

धुरळा हळूहळू खाली बसत होता. नाथाने हातातली पहार भिंतीला टेकायला म्हणून मागे केली, पण मागे भिंत नव्हती. मग त्याने ती खाली ठेवली.

"डबा कोणता ते तरी सांगायचं होतंस रे," गोदूकाकी शेवटी म्हणाली. "आता पाय धुऊन घे. मघाशी तू पिठलंपण खाल्लं नायस."

पहाटे पाचला गाडी आली. आख्खं गाव उभं होतं. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. शिवाने काळुरामचा पासपोर्ट उघडून व्हिसाच्या पानाला नीट हात फिरवून पाहिला, मगच गाडीचं दार लावू दिलं. गोदूकाकीने मिठाची एक पुडी सगुणाच्या ओटीत बांधली.

सामान सोहारला पोचायला एकेचाळीस दिवस लागले. कुकरमध्ये चावी होती. तळाच्या पेटीत हर्षदचे आजोबा होते, हारासकट. त्यांना सध्या हॉलमध्ये लावलंय आणि काळुराम ड्यूटीला निघताना त्यांना नमस्कार करतो, कारण कंपनीकडून आणखी कोणी पूर्वज मिळालेला नाही.

दर शुक्रवारी तो नाथाला व्हिडिओ फोन लावतो. परवा फोनमध्ये नाथाच्या मागे आपलं कपाट असायचं तो ओळखीचा कोनाडा दिसला आणि त्याच्या बाजूला खिळ्यावर एक नवंकोरं कॅलेंडर.

"नाथा," काळुरामने सावधपणे विचारलं, "तू कुठल्या बाजूला बसलायस?"

"तुझ्या. इकडं वारा चांगला येतो. आईपण दुपारी इकडंच निजते. भगदाड बुजवू काय?"

काळुरामने कॅलेंडरच्या खिळ्याकडे एकदा पाहिलं. "राहू दे," तो म्हणाला. "कुलूप कसंय?"

"कुलूप?" नाथाने फोन उचलला, भगदाडातून वाकून आपल्या घरात गेला, पुढच्या दाराने बाहेर पडला आणि ओट्याला वळसा घालून काळुरामच्या दारासमोर उभा राहिला. जाळीवर नारळाएवढं कुलूप उन्हात चमकत होतं.

"जसंच्या तसं हाय," नाथा म्हणाला. "कोणाची हात लावायची हिंमत नाय!"

सोहारच्या मेसमध्ये काळुराम अजून सगळ्यांना सांगतो, की कुलूप घ्यावं तर असं.